पाकीट उलटं करून वाचायचं कसं: ६२१, ६२७, ६३१ आणि 'फ्लेवर'

आमच्या बाबांचं बीपी मागच्या वर्षी काही केल्या खाली येत नव्हतं. गोळी बदलून झाली, सकाळी सारसबागेपर्यंत चालणं सुरू होतं, लोणचं पापड बंद, आणि आईने भाजी-आमटीत मीठ इतकं कमी केलं होतं की आम्ही बाकीचे सगळे वरून मीठ घेऊन जेवायचो, तरी आकडा तिथल्या तिथेच. शेवटी डॉक्टरांनी विचारलं की रात्री काय खाता, तर बाबा म्हणाले रात्री मी जेवतच नाही, फक्त दोन कप टोमॅटो सूप घेतो. पाकिटातलं? हो, पाकिटातलं, गरम पाण्यात टाकायचं की झालं. डॉक्टर एवढंच म्हणाले की घरी गेल्यावर ते पाकीट एकदा उलटं करून वाचा.

ते मी वाचलं. मागे लिहिलं होतं १०० ग्रॅमला सोडियम ५५०० मिलिग्रॅम. एक सॅशे १२ ग्रॅमचा, म्हणजे एका कपात ६६० मिलिग्रॅम, दोन कप म्हणजे १३२०. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसभरात सोडियम २००० मिलिग्रॅमच्या आत ठेवावं, म्हणजे साधारण ५ ग्रॅम मीठ, एक सपाट चमचा. म्हणजे जे हलकं म्हणून बाबा घेत होते त्यातच दिवसाचा दोन तृतीयांश कोटा संपत होता आणि आई बिचारी भाजीतलं चिमूटभर मीठ वाचवत बसली होती. बीपीला कारणं अनेक असतात, सगळं सुपावर नाही ढकलत मी, पण त्या दिवसापासून आमच्या घरात पाकीट उलटं केल्याशिवाय काही येत नाही. ते कसं करायचं तेच इथे सांगतेय, कारण सोसायटीतल्या बऱ्याच जणींनी विचारलं की पाकिटावरचे ते ६२७ वगैरे आकडे, म्हणजे वरून घातलेल्या घटकांचे नंबर, नक्की काय असतात.

आधी वाचायचं कसं ते बघू. दुकानात उभं राहून ते बारीक अक्षर कोणालाच दिसत नाही, त्यात पाकीट चकचकीत असेल तर लाईट चमकतो, शिवाय बऱ्याचदा नेमकी घटकांची यादी चिकटवलेल्या घडीखाली असते. घडी वर करा, मोबाईलने फोटो काढा आणि झूम करा. ज्येष्ठ लोकांना ही एकच सवय लावली तरी खूप झालं, बाबा आता स्वतः काढतात फोटो. समोरच्या बाजूला टोमॅटोचा फोटो, हिरवी पानं, 'रियल', 'मल्टीग्रेन', 'बेक्ड' जे काय लिहिलंय ते सोडून द्या, ती जाहिरातीची बाजू आहे. आपल्या कामाची मागची बाजू, आणि तिथेही दोनच गोष्टी, घटकांची यादी आणि पोषणाचा तक्ता.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायची असा एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेचा, नियम आहे, जे सगळ्यात जास्त ते पहिलं. बाबांच्या सुपाच्या पाकिटावर क्रम असा होता: कॉर्न स्टार्च, साखर, टोमॅटो पावडर, मीठ, माल्टोडेक्स्ट्रीन, हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, मग ॲसिडिटी रेग्युलेटर ३३०, फ्लेवर एन्हान्सर ६२७ आणि ६३१, आणि शेवटी नेचर आयडेंटिकल फ्लेवरिंग सबस्टन्सेस. म्हणजे टोमॅटो सुपात टोमॅटो तिसऱ्या नंबरवर, स्टार्च आणि साखरेच्या मागे. आणि समोर मोठ्या अक्षरात 'नो ॲडेड एमएसजी'. हे एक पाकीट नीट समजलं ना की दुकानातली निम्मी पाकिटं समजतात, म्हणून हेच घेऊन पुढे जाते.

एमएसजी म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट, नंबर ६२१, आपल्याकडे सगळे त्याला अजिनोमोटो म्हणतात. ते खरं तर कंपनीचं नाव. १९०८ मध्ये टोकियोमध्ये किकुनाए इकेडा नावाच्या प्राध्यापकांनी कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाच्या सुपातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी नाव दिलं, पुढच्याच वर्षी ते बाजारात विकायला आलं. आज ते शेवाळातून नाही काढत, उसाची मळी किंवा स्टार्च आंबवून बनवतात. आणि ग्लुटामेट ही काही परकी वस्तू नाही, पिकलेल्या टोमॅटोत असतं, जुन्या चीजमध्ये असतं, आईच्या दुधातसुद्धा भरपूर असतं. आपल्या कोकणातल्या सोड्यांच्या कालवणाला जी खोल, तोंडात रेंगाळणारी चव असते ना, ती याच घराण्यातली.

६२७ म्हणजे डायसोडियम ग्वानिलेट, ६३१ म्हणजे डायसोडियम इनोसिनेट, आणि ६३५ म्हणजे या दोघांचं मिश्रण. आता ही गोष्ट नीट लक्षात ठेवा कारण खरी मेख इथे आहे. ही दोन एकटी फारसं काही करत नाहीत, ग्लुटामेट सोबत असेल तरच कामाची, मग मात्र थोडंसं घातलं तरी चव कितीतरी पटीने वाढते, हे जपानी संशोधकांनी १९५०-६० च्या दशकातच दाखवलंय. म्हणून पाकिटावर ६२७, ६३१ दिसलं आणि ६२१ दिसलं नाही तर समजायचं की ग्लुटामेट दुसऱ्या कुठल्या तरी नावाने आत आहे, शोधा. बाबांच्या पाकिटात ते होतं हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन आणि यीस्ट एक्स्ट्रॅक्ट या नावाने. पहिल्यात सोया किंवा मका किंवा गव्हाचं प्रोटीन ॲसिडने नाहीतर एन्झाइमने तोडतात, तुटलं की त्यातलं ग्लुटामेट मोकळं होतं. दुसऱ्यात यीस्टच्या पेशी फोडून आतला रस घेतात, त्यातही तेच. सोया सॉस पावडर, ऑटोलाइज्ड यीस्ट, चीज पावडर हेही त्याच रांगेतले. वरून एमएसजी टाकलेलं नाही म्हणून 'नो ॲडेड' लिहिलं, ते शब्दशः खोटं नाही, पण वाचणाऱ्याला वाटतं की यात ते नाहीच, आणि मला हे बरोबर वाटत नाही. अमेरिकेत तिथल्या एफडीएचं, म्हणजे अन्न आणि औषध प्रशासनाचं, म्हणणं आहे की असे घटक असलेल्या पदार्थावर 'नो एमएसजी' लिहिता येणार नाही. माझ्या मते आपल्याकडेही ग्राहकाला एवढं सरळ सांगायला हवं.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, हे विष आहे का. नाही. आणि हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितेय कारण व्हॉट्सॲपवर याच्याबद्दल फार भीती पसरवतात. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या एका मेडिकल जर्नलमध्ये एका डॉक्टरांचं पत्र छापून आलं की चिनी हॉटेलात जेवल्यावर मान बधिर होते, धडधडतं, तिथून हे सगळं सुरू झालं. नंतर अभ्यास झाले, ज्यात खाणाऱ्यालाही माहीत नाही आणि देणाऱ्यालाही माहीत नाही की कुठल्या ताटात एमएसजी आहे, तेव्हा तशी लक्षणं सातत्याने दिसली नाहीत. काही थोड्या लोकांना जेवणाशिवाय एकदम ३ ग्रॅम किंवा त्याहून जास्त घेतल्यावर डोकेदुखी, घाम, बधिरपणा असा तात्पुरता त्रास होतो असं एफडीए सांगते, आणि एका वेळच्या खाण्यात साधारणपणे अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी असतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने मात्र २०१७ मध्ये मर्यादा घालून दिली, किलोमागे दिवसाला ३० मिलिग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या माणसाला १.८ ग्रॅम, पण २० किलोच्या पोराला फक्त ६०० मिलिग्रॅम, आणि मुलं ही मर्यादा ओलांडतात असंही त्यांनीच म्हटलंय. हा फरक महत्त्वाचा आहे. मोठा माणूस आणि पहिली-दुसरीतलं पोर एकच पाकीट खातात पण शरीर तिप्पट लहान असतं. वर्षाच्या आतल्या बाळाला तर यातलं काहीच द्यायचं नाही, आपल्याकडे एमएसजी घातलेल्या पाकिटावर १२ महिन्यांखालच्या बाळांसाठी नाही असं लिहावं लागतं, ते लिहिलेलं असूनही लोक कौतुकाने बाळाच्या तोंडात कुरकुरीत काहीतरी देतात, कृपा करून नका देऊ.

दुसरी अफवा, ६३१ म्हणजे डुकराची चरबी. दर दोन-तीन वर्षांनी हा मेसेज परत येतो. ६३१ ही चरबीच नाही, ते एका आम्लाचं सोडियमचं मीठ आहे. ते मासे किंवा मांसापासून बनवता येतं हे खरं, पण स्टार्च आंबवूनही बनवतात, त्यामुळे शाकाहारी असाल तर नंबर बघून घाबरू नका, चौकोनातला हिरवा ठिपका बघा. मात्र ज्यांना युरिक ॲसिडचा त्रास आहे, अंगठा सुजतो, त्यांनी ६२७, ६३१, ६३५ वर लक्ष ठेवावं कारण शरीरात त्यांचं प्युरीन होतं आणि प्युरीनचं शेवटी युरिक ॲसिड. एका पाकिटात प्रमाण थोडं असतं पण रोज संध्याकाळी चिप्स आणि रात्री सूप असेल तर डॉक्टरांना सांगा की मी हे रोज खातो.

मग विष नाही तर एवढं कशाला बघायचं? कारण माझ्या मते हे घटक पुरावा म्हणून वाचायचे असतात. चवीसाठी वरून इतकं काही घालावं लागलंय म्हणजे मूळ पदार्थाला स्वतःची चव उरलेली नाही, खाली स्टार्च आहे, मैदा आहे, पामतेल आहे, मीठ आहे. हे मी उगाच मनाने नाही म्हणत, ब्राझीलमधले कार्लोस मोन्तेरो यांनी अन्नाची जी नोव्हा वर्गवारी केली त्यात शेवटच्या गटाची, म्हणजे कारखान्यात खूप प्रक्रिया केलेल्या 'अल्ट्रा प्रोसेस्ड' पदार्थांची, एक खूणच ही धरलीय की यादीत फ्लेवर, फ्लेवर एन्हान्सर असलं काही असतं. आणि २०१९ मध्ये अमेरिकेत केविन हॉल यांच्या टीमने २० जणांना चार आठवडे ठेवून घेतलं, दोन आठवडे असलं पाकीटबंद खाणं आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं, समोर ठेवलेल्या ताटात कॅलरी, साखर, मीठ, फायबर सारखंच, आणि हवं तेवढं खा म्हणून सांगितलं. पाकीटबंद खाण्याच्या दिवसांत ते लोक रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेले आणि दोन आठवड्यांत जवळपास एक किलो वजन वाढलं. जबरदस्ती नव्हती, खाणं थांबलंच नाही. माझा भाचा क्लासवरून आल्यावर मसाला चिप्सचं पाकीट तळाला बोट लावून चाटेपर्यंत सोडत नाही आणि तोच मुलगा उकडलेला बटाटा अर्धा खाऊन बाजूला ठेवतो, त्यामुळे हा अभ्यास मला लगेच पटला.

आता 'फ्लेवर' या शब्दाकडे येऊ. यादीच्या शेवटी तीनपैकी एक काहीतरी असतं, नॅचरल, नेचर आयडेंटिकल किंवा आर्टिफिशियल. नॅचरल म्हणजे वनस्पती वगैरेपासून काढलेला अर्क. नेचर आयडेंटिकल म्हणजे निसर्गात जो रेणू असतो तोच पण कारखान्यात बनवलेला. आर्टिफिशियल म्हणजे निसर्गात सापडलेलाच नाही असा. नियम असा की आर्टिफिशियल असेल तर त्याचं नाव लिहायला लागतं, पण पहिल्या दोन प्रकारात नुसता प्रकार लिहिला की झालं, आतमध्ये दोन रसायनं आहेत की चाळीस ते आपल्याला कळत नाही. व्हॅनिलाचं उदाहरण घ्या, जगातलं बहुतेक व्हॅनिलिन शेंगेतून येत नाही, कारखान्यात तयार होतं. केळ्याचा वास येतो तो आयसोअमाइल ॲसिटेट या एकाच रसायनाने आणता येतो, केळं न वापरता. यातलं बहुतेक खायला सुरक्षित आहे असं तज्ज्ञ म्हणतात कारण प्रमाण अगदी किंचित असतं. पण ही यादी कायमची नसते. २०१८ मध्ये अमेरिकेने सात सिंथेटिक फ्लेवरिंगची परवानगी काढून घेतली. युरोपने २०२४ मध्ये धुराचा वास देणारी आठ स्मोक फ्लेवरिंग टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं, कारण त्यांच्यामुळे डीएनएला धोका होऊ शकतो अशी शंका होती. आणि पॉपकॉर्नला लोण्याचा वास देणारं डायॲसिटिल, २००० साली मिसुरी राज्यातल्या पॉपकॉर्न कारखान्यातल्या कामगारांची फुप्फुसं त्याची वाफ हुंगून कायमची निकामी झालेली आढळली. धोका मुख्यतः खाणाऱ्याला नाही, बनवणाऱ्याला होता, आणि तो माणूस आपल्याला कधी दिसत नाही.

पुण्यात राहून आंब्याचं उदाहरण दिल्याशिवाय राहवत नाही. मे महिन्यात मार्केट यार्डातून पेटी आणून आमरस काढणारी आपण माणसं, आणि जूननंतर तीच मुलं मँगो ड्रिंकची बाटली पितात. बाटली उलटी करा, पाणी, साखर, मग आंब्याचा पल्प आणि किती टक्के ते, मग ३३०, मग रंग, मग नेचर आयडेंटिकल मँगो फ्लेवर. समोर आंबा दाखवला की त्याचे टक्के लिहायला लागतात, तो आकडा नक्की शोधा, मुलांना शोधायला लावा, मला तर वाटतं टक्केवारी शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण नाही. ऑफसीझनला मस्तानी प्यायला गेलात तर सरळ विचारा की पल्प आहे की इसेन्स, चांगला दुकानदार सांगतो.

आंबट आणि गोडाचं थोडक्यात. ३३० म्हणजे लिंबूसत्त्व, २९६ मॅलिक ॲसिड, यांच्यात घाबरण्यासारखं काही नाही पण दिवसभर आंबट ड्रिंक घोट घोट पीत राहिलं की दातांचं इनॅमल जातं. माल्टोडेक्स्ट्रीन मात्र डायबेटिसवाल्यांनी ओळखून ठेवा, ते स्टार्च तोडून बनवलेलं असतं, जिभेला फारसं गोड लागत नाही, तक्त्यात 'शुगर'च्या ओळीत येत नाही, पण रक्तातली साखर झपाट्याने वाढवतं. म्हणून शुगरची ओळ नाही तर एकूण कार्बोहायड्रेटची ओळ वाचा. साखरसुद्धा कधी कधी तीन-चार नावांत वाटलेली असते, साखर, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, प्रत्येक थोडी थोडी म्हणून यादीत खाली जाते, सगळी मिळून वर आली असती. शुगर फ्री लिहिलेलं असेल तर ९५०, ९५१, ९५५ शोधा, साखरेऐवजी गोडीसाठी घालतात ते हे. ९५१ म्हणजे ॲस्पार्टेम, २०२३ मध्ये कॅन्सरवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्याला 'कदाचित कॅन्सरकारक' या गटात टाकलं, त्याच वेळी दुसऱ्या समितीने किलोमागे ४० मिलिग्रॅमची जुनी मर्यादा तशीच ठेवली, म्हणजे एखाद्या वेळी घेतल्याने काही होत नाही पण वजन कमी होईल म्हणून रोज घेण्यात अर्थ नाही, जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याच वर्षी तेच सांगितलं. साखरेऐवजी सॉर्बिटॉल, माल्टिटॉल घातलेली शुगर फ्री मिठाई जास्त खाल्ली तर पोट बिघडतं, दिवाळीत दरवर्षी कोणा ना कोणाचं बिघडतंच.

एक गोष्ट किडनीच्या पेशंटसाठी, आणि ही खरंच गंभीर आहे. 'लो सोडियम' मीठ किंवा लो सोडियम खाणं घेताना ५०८ किंवा पोटॅशियम क्लोराइड लिहिलंय का बघा. सोडियम कमी करून त्याजागी पोटॅशियम घातलेलं असतं, बाकीच्यांना ते चालतं, पण किडनी कमजोर असेल किंवा बीपीच्या काही विशिष्ट गोळ्या चालू असतील तर रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयावर येऊ शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. आम्ही बाबांसाठी तेच आणणार होतो, विचारलं म्हणून थांबलो.

पोषणाच्या तक्त्यात घोटाळा एकाच ठिकाणी होतो, तो म्हणजे १०० ग्रॅम आणि एक सर्व्हिंग. आकडा १०० ग्रॅमचा असतो आणि आपण खातो पाकीटभर, किंवा सर्व्हिंग ३० ग्रॅमचं धरलेलं असतं आणि पाकीट ९० ग्रॅमचं. म्हणून मी नेहमी एकच हिशोब करते, १०० ग्रॅमचा सोडियमचा आकडा गुणिले पाकिटाचं वजन भागिले १००. नूडल्सवर १०० ग्रॅमला ११०० असेल आणि पाकीट ७० ग्रॅमचं, तर ७७० मिलिग्रॅम. मग तो आकडा २००० च्या शेजारी ठेवायचा. बस. टक्केवारीच्या भानगडीत पडायची गरज नाही.

कोणाला खरंच वाटत असेल की अमुक खाल्लं की माझं डोकं दुखतं तर अंदाजाने सगळं बंद करू नका, वही करा. तीन आठवडे रोज काय खाल्लं, किती वाजता, पाकिटाचा फोटो, झोप किती झाली, डोकं कधी दुखलं, पाळीची तारीख. मग एक आठवडा फक्त एकच गोष्ट बंद करा, समजा ६२१ आणि त्याचे भाऊबंद, आणि बघा. परत सुरू करून बघा. माझ्या मैत्रिणीने असं केलं तेव्हा कळलं की चायनीज खाण्याचा संबंधच नव्हता, त्या दिवशी ती दुपारी जेवायचीच नाही आणि रात्री उशिरा खायची. दमा असलेल्यांनी वहीत २२० ते २२८ हे नंबरही लिहावेत, ते सल्फाइट्स, चवीचे नाहीत पण सुकामेवा, काही सॉस यांत असतात आणि दम्याच्या काही पेशंटना त्यांचा त्रास होतो.

सुट्ट्या पदार्थांना लेबल नसतं, तिथे विचारणं एवढाच उपाय. गाडीवर 'दादा, अजिनोमोटो नका टाकू' म्हटलं तर तो कढईत चमचा टाकत नाही, पण सोया सॉस आणि शेजवानच्या बाटलीत आधीच काय आहे त्याचं काय, म्हणून मी सॉस निम्मा टाकायला सांगते, त्याने मीठही कमी होतं. पाकिटावर यादीच नसेल, चौदा आकडी परवाना नंबर नसेल तर ते घेऊ नका, आणि काही गडबड वाटली तर पाकीट आणि बिल फेकू नका, फोटो काढून एफएसएसएआयच्या १८००११२१०० या टोल फ्री नंबरवर तक्रार करता येते.

घरात बदल करताना एकदम सगळं बंद केलं तर मुलं बाहेर जाऊन खातात. भाच्याच्या नूडल्समध्ये आम्ही आधी मसाल्याचं पाकीट पाऊण केलं, दोन आठवड्यांनी अर्धं, आणि उरलेल्या जागी लसूण, चिरलेला टोमॅटो चांगला गळेपर्यंत परतून, मिरपूड आणि शेवटी लिंबू. टोमॅटो जेवढा आटतो तेवढी त्याचीच उमामी वर येते आणि आंबटपणा असला की मीठ कमी आहे हे जिभेला कळत नाही. याच कारणाने आमटीत मीठ कमी करायचं असेल तर आमसूल एक जास्त टाका. मासे खाणाऱ्यांनी जवळा-सोडे वापरावेत पण धुऊन, कारण खारवलेले असतील तर मीठ बरंच असतं.

आणि बाबांचं सूप. मंडईतले चार लालभडक टोमॅटो, एक गाजर, लाल भोपळ्याची हाताएवढी फोड दाटपणासाठी, चार-पाच लसूण पाकळ्या, कुकरला तीन शिट्ट्या, मिक्सरमधून काढून गाळायचं. तूप-जिऱ्याची फोडणी, ताजी मिरपूड, आणि सगळ्या पातेल्याला मिळून पाव चमचा मीठ. पाव चमच्यात साधारण ६०० मिलिग्रॅम सोडियम, चार कप होतात, म्हणजे कपाला १५०. रविवारी आई दुप्पट-तिप्पट करते आणि मीठ न घालता डब्यांत भरून फ्रीजरला टाकते, रोज रात्री बाबा एक डबा काढून स्वतःच गरम करतात, पाकिटाइतकंच सोपं पडतं. पहिले पंधरा दिवस त्यांनी तोंड वाकडं केलं, सपक लागतंय म्हणाले, ते खरंच होतं, जिभेला सरावायला काही आठवडे लागतात. मागच्या महिन्यात कर्वे रोडला एका साखरपुड्याला गेलो होतो, तिथे सुरुवातीला सूप दिलं, बाबांनी दोन घोट घेतले आणि वाटी आईकडे सरकवली, म्हणाले 'बघ गं, मलाच खारट लागतंय का?'